एअर रायफलचा दस्ता घरी घासावा का? जवसाचं तेल की पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश)?

रंकाळाकाठ
मामांची जुनी स्प्रिंगची एअर रायफल गेल्या दिवाळीत माझ्याकडे आली. कितीतरी वर्षं माळ्यावर पडून होती. नळीला काही झालं नव्हतं, पण दस्त्याकडं बघवत नव्हतं. कुणीतरी कपाटाला फासतात तसं जाड व्हार्निश फासलेलं, त्याचे पोपडे निघालेले, मुठीपाशी घामानं काळं पडलेलं. टिंबर मार्केटमधल्या सुतारकाकांनी नखानं खरवडून बघितलं आणि म्हणाले, "शिसव हाय. टाकू नगंस."

मग रोज रात्री जेवण झाल्यावर तासभर. ग्राइंडर लावला नाही, फुटक्या काचेच्या धारेनं व्हार्निश खरवडलं. १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरुवात केली आणि ४०० पर्यंत गेलो, कायम रेषेच्या दिशेनं. मध्ये मध्ये ओलं फडकं फिरवायचं. लाकडाची तुसं उभी राहतात, वाळली की परत घासायची. हे तीनदा केलं तेव्हा हाताला गुळगुळीत लागायला लागलं. नंतर जवसाचं तेल. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ केलेला, पुढचे हात नुसत्या तळव्यानं, तळवा गरम होईपर्यंत चोळून. उरलेलं पुसून काढायचं आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. असे आठ हात झाले. काळ्या-तपकिरी रेषा आता खोल पाण्यात दिसाव्यात तशा दिसतात.

माझं म्हणणं असं की ज्याला रायफलची आवड आहे त्यानं एकदा तरी दस्ता स्वतः घासावा, आणि तेलच लावावं. पीयू, लॅकर म्हणजे लाकडावर काच बसवणं. ओरखडा पडला की सगळं उतरवून पहिल्यापासून. तेलाच्या दस्त्याला ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी दोन थेंब चोळले की झालं.

उद्यमनगरकर
काम झकास. पण भावा, लाकडावरच का थांबायचं? आपल्याकडं गल्लोगल्ली लेथ आहेत, या कोल्हापुरात इंजिनं ओतली गेली. हात असलेला माणूस नळीपासून सगळं घरात करू शकतो. परदेशात लोक करतात, आपण का नाही?

दुधाळीचा_बाप
करू शकतो म्हणून करायचं नसतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवायलाच परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवणाऱ्याला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. २०१६ च्या नियमांप्रमाणे ४.५ मिमी आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवान्यातून सूट आहे. त्याचा अर्थ घरी नळी बनवायला मोकळीक, असा कुणी काढू नये. इथं कॉलेजची पोरं वाचतात.

आता मूळ मुद्दा. माझी मुलगी दुधाळीच्या नेमबाजीच्या रेंजवर जाते. १० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिचा गाल दस्त्यावर रोज एकाच जागी टेकतो, तिथं कागदाएवढा फरक पडला तरी नेम हलतो. तुम्ही व्हार्निश आणि वरचं लाकूड मिळून किती काढलंत, मोजलं का? सरावाच्या रायफलला घरी पॉलिश पेपर लावू नये, हे माझं ठाम मत. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं. हे दोघं आपल्या जिल्ह्याचे. पोरांनी त्यांच्याकडून तासन्तास उभं राहायला शिकावं, दस्ता चकचकीत करायला नव्हे.

रंकाळाकाठ
स्पर्धेच्या रायफलला हात लावू नये, हे मान्य, आणि ते मी आधीच लिहायला हवं होतं. पण ही माळ्यावरची रायफल, हिच्यावर कुणाचा नेम अवलंबून नाही. आणि घासता घासता मला जे कळलं ते रेंजवर कळलं नसतं. मुठीपाशी दस्ता सगळ्यात बारीक असतो, तिथं रेषा लांबीला धरून नसतील तर पडल्यावर तिथंच मोडतो. माझ्या दस्त्याला तिथं जुनी चीर आहे, व्हार्निशखाली झाकलेली होती. लाकूड उघडं केलं म्हणून दिसली.

पंचगंगेचं_पाणी
तेलाला माझा विरोध आहे आणि तो दिसण्यावरून नाही. आमच्या घरात ऑगस्ट २०१९ ला पुराचं पाणी आलं होतं. ते सोडा, साध्या जून ते सप्टेंबरमध्येही आमच्या कपाटांची दारं अडकतात. लाकूड लांबीला वाढत नाही, आडवं फुगतं. दस्ता फुगला की लोखंड बसवलेल्या खाचेवरचा दाब बदलतो, स्क्रूचा कस बदलतो, आणि गोळी कालच्या जागी लागत नाही. तेल पाण्याचा थेंब अडवतं, दमट हवा अडवत नाही. मी एकाच फळीचे दोन तुकडे केले होते, एकाला तेल, एकाला पीयूचे तीन हात. पावसाळाभर गॅलरीत टांगून सोनाराच्या काट्यावर तोलले. तेलवाला स्पष्ट जड झाला, पीयूवाला जेमतेम. कोरड्या गावात तेल लावा. कोल्हापुरात पीयू.

आणि तेलाची फडकी काय केलीत? बोळा करून कोपऱ्यात टाकलीत तर जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि फडकं आपोआप पेटतं. आमच्या शेजारच्या सुताराच्या शेडमध्ये भुश्याच्या पोत्याजवळ असाच बोळा धुमसत होता, वासावरून कळलं म्हणून वाचलं.

रंकाळाकाठ
फडकी पसरून दोरीवर वाळवली, सुतारकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बोळ्याचं प्रत्येकानं लक्षात ठेवा.

दमट हवेचं मात्र तुमचं खरं निघणार असं वाटतंय. जूनपासून दस्त्याचा मागचा स्क्रू दोनदा सैल झाला. तरी बाहेरून पीयू नको वाटतं, हाताला ते लाकूड लाकूड लागत नाही.

पंचगंगेचं_पाणी
बाहेरून तेलच ठेवा, तुमच्या आठ हातांची मेहनत आहे. पण एक सांगा, खांद्याला लागते ती रबरी बटप्लेट काढून तिच्याखाली काही लावलंत? आणि लोखंड बसतं त्या खाचेत आत?

रंकाळाकाठ
नाही. दोन्हीकडं कोरडंच आहे.

पंचगंगेचं_पाणी
मग पाणी तिथूनच पितोय दस्ता. कापलेल्या टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, बाजूपेक्षा कितीतरी जास्त ओल तिथून आत जाते. पाऊस संपू द्या, दस्ता महिनाभर घरात सुकू द्या, मग त्या दोन जागी पातळ पीयू पाजा, पिणं थांबेपर्यंत. आत्ता ओला असताना लावू नका, ओल आतच कोंडेल.

दुधाळीचा_बाप
आणि त्या मुठीजवळच्या चिरेचा फोटो टाका. ती बुजवल्याशिवाय रायफल कुणाच्या हातात देऊ नका.