मदत हवी आहे: आईच्या पैठणीचा लेहंगा शिवावा का?

नमस्कार. धाकट्या बहिणीला सीमांतपूजनासाठी हल्ली सर्रास दिसणारा पैठणीचा लेहंगा हवा आहे. त्यासाठी आईची येवल्याची हातमागावरची सहावारी कापावी लागेल, आणि माझा जीव नेमका तिथेच अडकला आहे. पदरावरचे मोर दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात, इतके ते विणकाम सुबक आहे. त्यावर कात्री चालवणे मला तरी पटत नाही. घेरासाठी तिरक्या कळ्या (वर अरुंद, खाली रुंद असे कापडाचे तुकडे) कापल्या की काठ सलग राहत नाही, म्हणून पदर अखंड ठेवून केवळ चुण्या घालून लेहंगा शिवता येईल का, आणि जुन्या रेशमाला अस्तर कोणते लावावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. नव्या सेमी पैठणीचा पर्याय आहेच, पण बहिणीला आईच्याच पैठणीचा रंग हवा आहे. पुण्यात असे काम जपून करणारे शिंपी माहीत असल्यास तेही कळवावे.