शब्दचर्चा: वेस्टर्नपटांची परिभाषा – घोडा, चाप, मार्शल, टप्पा

प्रश्न – रानवारा

जुन्या अमेरिकी वेस्टर्न चित्रपटांचं मराठी रसग्रहण आणि सोबत मराठी सबटायटल्स असं काम चालू आहे. 'स्टेजकोच' (१९३९), 'हाय नून' (१९५२), 'रिओ ब्राव्हो' (१९५९) आणि 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६) हे चार घेतले आहेत. अडलेले शब्द: वेस्टर्न, काउबॉय, स्टेजकोच, शेरीफ आणि मार्शल, शोडाउन. शिवाय पिस्तूल चालवण्याची क्रियापदं. 'वेस्टर्न'ला 'पाश्चात्त्य चित्रपट' असा पर्याय सुचवला गेला आहे. चालेल का?

तिसरीघंटा

'पाश्चात्त्य' अजिबात नको. मराठीत त्या शब्दात लंडन, पॅरिस, बर्लिन सगळंच येतं. इथली पश्चिम म्हणजे ढोबळमानाने मिसिसिपी नदीपलीकडचा मुलूख, आणि काळ बहुतेकदा १८६५ साली यादवी युद्ध संपल्यापासून पुढची पंचवीस-तीस वर्षं. १८९०च्या जनगणनेत पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या वस्तीची सलग सीमा (फ्रंटियर) आता उरली नाही असं नोंदलं गेलं. युद्धपट, भयपट, तमाशापट यांच्या पंगतीत 'वेस्टर्नपट' सहज बसतो, तोच घ्या. 'काउबॉयपट' अपुरा आहे. 'हाय नून'मध्ये गुरांचा काही संबंधच नाही; तरी तो अस्सल वेस्टर्न आहे.

कप्तान_बारूद

पिस्तुलाच्या क्रियापदांबद्दल सविस्तर लिहितो, कारण सबटायटल्समध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

मराठीत 'घोडा' आणि 'चाप' हे दोन वेगळे शब्द तयार आहेत. चाप म्हणजे बोटाने ओढायचा भाग. घोडा म्हणजे मागे उभा असलेला, गोळीवर आपटणारा भाग. बोलताना आपण 'घोडा दाबला' असं चापाबद्दलही म्हणून जातो, पण वेस्टर्नपटात ही सैल भाषा नडते. यातलं ठरलेलं हत्यार म्हणजे १८७३चं कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन. त्याचा नुसता चाप ओढून काहीच होत नाही. प्रत्येक गोळीच्या आधी घोडा अंगठ्याने मागे घ्यावा लागतो. त्यानेच गोळ्यांचं चक्र फिरून पुढची गोळी नळीसमोर येते. मग चाप. म्हणजे एका गोळीला दोन कृती.

पटकथा या दोन कृतींच्या मधल्या जागेवर उभ्या असतात. घोडा मागे घेतल्याचा खटखट आवाज ही धमकी असते, गोळी नव्हे. तिथे 'चाप ओढला' लिहिलंत तर वाचणाऱ्याला बार उडाल्यासारखं वाटेल आणि पडद्यावर मात्र माणूस जिवंत उभा दिसेल. 'घोडा चढवला' किंवा 'घोडा मागे घेतला' असंच लिहा.

दुसरी चाल: चाप दाबूनच धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने घोड्यावर भराभर फटके मारायचे. गोळ्या झरझर सुटतात, पण प्रत्येक फटक्याने नळी हलते, त्यामुळे नेम दोन-चार पावलांपलीकडे भरवशाचा राहत नाही. याला एक शब्द नाही. 'तळव्याने घोडा मारत गोळ्या झाडल्या' असं सरळ वर्णन करा.

सहा गोळ्यांच्या पिस्तुलाला 'सहाबारी' हा शब्द चांगला आहे, वापरा. फक्त गोळ्या मोजणारे प्रेक्षक असतात म्हणून एक लक्षात असू द्या: जाणते लोक त्यात पाचच गोळ्या भरत आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवत. गोळीवर टेकलेल्या घोड्याला धक्का बसला तर बार आपोआप उडू शकतो.

चावडी

शेरीफ आणि मार्शल या दोघांनाही 'फौजदार' करून टाकण्याचा मोह आवरा. शेरीफ परगण्यातल्या मतदारांनी निवडून दिलेला असतो. गावचा मार्शल गावाने नेमलेला, गावच्या पगारावरचा. आणि युनायटेड स्टेट्स मार्शल हा तिसराच, केंद्र सरकारचा.

'हाय नून'चा सगळा पीळ या फरकात आहे. विल केन हा गावचा मार्शल, नुकताच पदावरून उतरलेला. बाराच्या आगगाडीने त्याचा जुना वैरी, गुंड फ्रँक मिलर येणार म्हटल्यावर तो ज्यांच्या दारात माणसं मागायला जातो, त्यांनीच त्याला कामावर ठेवलेलं होतं. चर्चमधली चर्चा म्हणजे मालकांची सभा आहे आणि ती त्याला निघून जा म्हणून सांगते. शेवटी बिल्ला धुळीत पडतो तो यांच्यासमोर. 'फौजदार' म्हटलं की वरून बदली होऊन आलेला सरकारी माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि गावाचा गुन्हा हलका होतो. सुमारे ८५ मिनिटांचा चित्रपट, त्यातली घड्याळंही जवळजवळ तेवढाच वेळ चालतात. म्हणून 'हाय नून'ला 'भर दुपार'पेक्षा 'ठीक बारा' जवळचं.

'रिओ ब्राव्हो' हे दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने 'हाय नून'ला दिलेलं उत्तर. तिथे शेरीफ चान्स हौशी गावकऱ्यांची मदत घ्यायला तयार नाही, आणि कैदी ताब्यात घ्यायला केंद्राचा मार्शल येईपर्यंत त्याला तग धरायचा आहे. एकाच चित्रपटात दोन्ही पदं आहेत. एकच शब्द वापरलात तर कोण कोणाची वाट पाहतंय तेच कळणार नाही.

रीळवाला

'स्टेजकोच'साठी 'घोडागाडी' लिहू नका, 'टप्प्याची गाडी' लिहा. स्टेज म्हणजे टप्पाच: ठरावीक अंतरावर ठाणं, तिथे घोडे बदलायचे, प्रवाशांनी खायचं, पुढे निघायचं. चित्रपटाची बांधणीही तशीच आहे. ड्राय फोर्कला घोडदळाची सोबत सुटते आणि पुढे जायचं का यावर प्रवासी मत देतात. अपाची वेल्सला बाळंतपण. पुढे लीज फेरीला होडी जळालेली. प्रत्येक ठाण्यावर माघारीची वाट थोडी आणखी बंद होते. दिग्दर्शक जॉन फोर्डने मॉन्युमेंट व्हॅलीचे सुळके दाखवले ते नुसत्या देखाव्यासाठी नाहीत, त्या पटांगणात गाडी किती एकटी आहे ते मोजायला आहेत.

'शोडाउन', म्हणजे शेवटची समोरासमोरची लढत, दोघांत असेल तर 'आमनेसामने' पुरेसं. दिग्दर्शक लिओनेच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मधल्या कब्रस्तानात मात्र तिघे आहेत, आणि 'द्वंद्व' या शब्दात 'दोन' पक्का बसलेला. इटालियनमध्ये संगीतकार मोरिकोनेच्या त्या प्रसंगाच्या संगीताला 'त्रिएल्लो' म्हणतात, 'दुएल्लो' (द्वंद्व) वरून घडवलेला शब्द. मराठीत 'तिढा' घ्यावा असं माझं मत. दोघांच्या लढतीत जो आधी झाडेल त्याचा फायदा; इथे जो एकावर झाडेल तो तिसऱ्यासमोर उघडा पडतो. म्हणून कोणीच हलत नाही, आणि म्हणून तो प्रसंग इतका लांबवता येतो.

रसग्रहणात आणखी एक शब्द लागेल: फ्रेंच समीक्षकांचा 'अमेरिकन शॉट', मांडीच्या मध्यापासून वरची चौकट. कमरेवर कापली तर पिस्तूल जातं, पूर्ण उभा माणूस घेतला तर चेहरा लहान होतो. 'मांडीशॉट' म्हटलं तर वाचकाला लगेच कळेल. दाखवण्यासाठी प्रत निवडताना मूळ रुंदीची घ्या. उंचीच्या २.३५ पट रुंद चौकट जुन्या टीव्हीच्या १.३३ पट रुंदीत कापली की सुमारे ४३ टक्के चित्र जातं, आणि आमनेसामने उभ्या दोघांतला एक बाहेर राहतो.

रानवारा

'काउबॉय' राहिला. 'गुराखी'?

चावडी

गुराखी सकाळी गावाची गुरं रानात नेतो, संध्याकाळी परत आणतो, बहुधा पायी. काउबॉय घोड्यावरचा पगारी गडी. टेक्ससहून कॅन्ससच्या रेल्वे स्थानकापर्यंत दोन-तीन हजार गुरं दहा-बारा जणांनी महिनोन्महिने हाकत न्यायची, हे त्याचं काम. 'काउबॉय' तसाच ठेवा. त्या कळपाला मात्र 'खिल्लार' म्हणा. 'तांडा' नको, लमाणांच्या तांड्यात बैल माल वाहत, इथे गुरं हाच माल आहे.