रंग, रंगद्रव्य, रंजक : अजिंठ्याच्या चित्रांविषयी लिहिताना कोणता शब्द?

प्रश्न : अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या रासायनिक तपासणीविषयी मराठीत वाचताना 'पिगमेंट' या अर्थी रंग, रंगद्रव्य आणि रंजक असे तीन शब्द सरमिसळ वापरलेले दिसतात. यांपैकी कोणता कुठे योग्य ठरेल? आणि या चित्रांना 'फ्रेस्को' म्हणावे का?

उत्तर : तिन्ही शब्द मराठीत रुळलेले आहेत, पण ते एकमेकांच्या जागी घालता येत नाहीत. डोळ्यांना दिसतो तो रंग. द्रावात उतरून धाग्यात मुरते ते रंजक. मंजिष्ठ हे त्याचे ओळखीचे उदाहरण. जी पूड द्रावात विरघळत नाही आणि डिंक किंवा सरस यांसारख्या बंधकात कालवून पृष्ठभागावर बसवावी लागते, ती रंगद्रव्य. अजिंठ्याच्या बाबतीत हा भेद पाळणे केवळ काटेकोरपणाचे नाही, कारण तिथे दिसणारा रंग आणि प्रत्यक्षातले रंगद्रव्य यांची फारकत झालेली आहे. १९२० नंतर निजामाच्या सरकारने इटलीहून बोलावलेले चित्रदुरुस्तीचे जाणकार लोरेन्झो चेक्कोनी यांनी सुटू पाहणारे पापुद्रे बसवले, पण चित्रांवर लाखेचे रोगणही दिले, आणि ते कालांतराने पिवळट-तपकिरी पडले. त्याच्याआड पांढरा रंग पिवळा आणि निळा रंग हिरवट दिसतो. अशा जागी 'येथे हिरवा रंग आहे' हे वाक्य खरे असते आणि 'येथे हिरवे रंगद्रव्य आहे' हे खोटे.

ही गाठ उकलण्यासाठी तपासनीस प्रथम अतिनील प्रकाशात पाहतात. लाखेचा थर त्यात नारिंगी चमकतो, त्यामुळे रोगण कुठवर पोचले आहे ते कळते. त्यानंतर क्ष-किरण प्रतिदीप्तीने, म्हणजे क्ष-किरण पडल्यावर प्रत्येक मूलद्रव्य परत सोडते त्या ठरावीक किरणांवरून, मूलद्रव्ये ओळखली जातात. लोह आढळले तर गेरू किंवा पिवळी माती असल्याचा अंदाज बांधता येतो. लाजवर्द (लॅपिस लॅझुली) या दगडातील निळ्या खनिजात मात्र सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन व गंधक अशी हलकी मूलद्रव्ये असतात आणि सोडियम हाती धरायच्या उपकरणाला जवळपास दिसतच नाही. तिथे रामन पद्धतीने, म्हणजे लेसर प्रकाश कसा विखुरतो ते पाहून, खनिजाची थेट ओळख पटवावी लागते. आधीच सुटलेला मोहरीएवढा कण मिळाला, तर तो राळेत बसवून, घासून त्याचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो : तळाशी भाताचे तूस व तंतू मिसळलेला मातीचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर, मग रंगद्रव्याचे कण आणि सर्वांत वर रोगणाची पिवळी रेघ. लाजवर्द असेल तर गडद निळ्या कणांत कॅल्साइटचे रंगहीन आणि पायराइटचे सोनेरी कणही दिसू शकतात.

आता प्रत्येक रंगद्रव्याच्या नावाविषयी. तांबड्यासाठी 'गेरू' हाच शब्द असावा. कोकण-गोव्यात त्याला 'काव' म्हणतात, तेथील देवळांच्या भिंतींवरची कावी कला त्याच मातीची, आणि हा शब्दही तितकाच अस्सल आहे. पिवळ्यासाठी 'पिवळी माती' पुरे; तिथे 'हरताळ' लिहू नये, कारण हरताळ हे आर्सेनिकचे वेगळे खनिज आहे. (पोथीतील चुकलेल्या अक्षरांवर तेच फासत, म्हणून 'हरताळ फासणे'.) हिरव्यासाठी 'हिरवी माती' म्हणावे, दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत सेलॅडोनाइट हे हिरवे खनिज सापडते, त्यामुळे हे द्रव्य दूरून आणण्याची गरज नव्हती. काळ्यासाठी 'काजळी'. निळ्यासाठी 'नीळ' असे लिहिणे मला सर्वांत खटकते. नीळ झाडापासून होते, तर अजिंठ्यातील निळे हे अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून आलेले लाजवर्द आहे आणि ते वाकाटककालीन, म्हणजे पाचव्या शतकातील चित्रांत मिळते. नीळ म्हटले की दूरवरच्या व्यापाराचा हा सगळा पुरावाच पुसला जातो.

त्याच कारणाने 'वनस्पतींचे रंग' हे सहलीच्या पुस्तिकांतील लाडके विधान सोडून द्यावे. काजळी वगळता ही सारी द्रव्ये खनिज आहेत. 'नैसर्गिक रंग' हा शब्द चुकीचा नाही, पण तो वाचताच वाचकाच्या मनात पाने-फुले येतात, म्हणून 'खनिज रंगद्रव्ये' अधिक बरे.

'फ्रेस्को' मात्र नको. फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग देतात आणि चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होताना रंगद्रव्याला धरून ठेवतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील चोळकालीन चित्रांसाठी तो शब्द वापरला जातो. अजिंठ्यात सुकलेल्या पृष्ठभागावर सरसासारख्या बंधकाने रंग बसवला आहे, हे १९३० च्या दशकात रसायनतज्ज्ञ एस. परमशिवन यांच्या रासायनिक अभ्यासातून पुढे आले. नाव चुकले तर उपायही चुकू शकतो : फ्रेस्को ओल्या बोळ्याने पुसणे बरेचदा निभावते, पण सरसाने धरलेला रंग पाण्याने सुटतो आणि खालचा मातीचा गिलावा फुगतो. त्यामुळे 'भित्तिचित्र' हा व्यापक शब्द वापरावा आणि तंत्र सांगायचे असेल तेव्हा 'कोरड्या गिलाव्यावरील' असे विशेषण जोडावे.

पुरवणी प्रश्न : या कामाला 'जतन' म्हणावे, 'संवर्धन' की 'जीर्णोद्धार'?

उत्तर : सरकारी कागदांत 'संवर्धन' रूढ आहे आणि तो शब्द आता मागे घेता येणार नाही, तरी संवर्धन म्हणजे वाढवणे, आणि येथे वाढवायचे काहीच नसते. गिलाव्याच्या कडा बांधणे, लेण्यातील दमटपणावर लक्ष ठेवणे, कसर व वटवाघळांचा उपद्रव आवरणे, या सर्वांसाठी मी 'जतन' लिहीन. रोगण विद्रावकाने थोडे थोडे उतरवणे म्हणजे 'स्वच्छता', आणि रंगद्रव्याची व बंधकाची तपासणी आधी झालेली असेल तरच ती करावी, कारण कोणता विद्रावक खालच्या थराला धक्का लावणार नाही हे त्यावरच ठरते. 'जीर्णोद्धार' देवळांना शोभतो. तिथे मोडका दगड बदलून पूजा पुन्हा सुरू करणे हाच हेतू असतो. गेलेला चेहरा अंदाजाने नव्याने रंगवला, तर त्याला यांपैकी कोणतेच नाव देऊ नये; ते सरळ 'पुनर्रंगकाम' होय.