ऊसतोडीच्या दिवसांत पालकसभा कशी घ्यावी?

प्रश्न: जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवतो. दिवाळी झाली की निम्मे आईबाप कारखान्यावर, पोरं आजीजवळ. सभेची चिठ्ठी दप्तरातच चुरगाळते. तुम्ही काय करता?

उत्तर १: सर, आजीला वाचता कुठं येतं? मी संध्याकाळी पारावर जाते. वही दाखवली की आज्या भडाभडा बोलतात. (चहा तीनदा होतो.)

उत्तर २: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक हवेत. आमच्याकडे ते फक्त सहीपुरते. एखाद्या आजीलाही बैठकीला बसवा.

उत्तर ३: मी ऊसतोडीच्या टोळीतलाच. गुरुजी, दिवसा हातात कोयता असतो, रात्री आठनंतर फोन करा. नुसती तक्रार नको, पोरगी काय वाचते तेही सांगा.

प्रश्नकर्ता: दादा, आजच लावतो.