जागतिकीकरण : करण की भवन?

नववीला अर्थशास्त्र शिकवते. काल वर्गात एका मुलीने विचारलं, "बाई, मराठवाड्यातल्या तेर गावाहून रोमन लोकांकडे माल जायचा असं आपण इतिहासात शिकलो. म्हणजे जगाशी व्यापार होताच. मग १९९१ नंतर जागतिकीकरण झालं म्हणजे नवीन काय झालं?" मी काहीतरी मोघम सांगून वेळ मारून नेली. ते मनाला लागून राहिलंय. 'जागतिक व्यापार' आणि 'जागतिकीकरण' यांतला फरक नेमका कसा सांगायचा? आणि मराठीत 'वैश्वीकरण' चालेल का?

---

बाई, मुलीचा प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचं अर्धं उत्तर शब्दातच दडलंय. 'जागतिक' आणि 'करण' यांच्यामधली ती दीर्घ 'ई' संस्कृतातल्या च्वि प्रत्ययामुळे येते. (म्हणून 'ति' ऱ्हस्व, 'की' दीर्घ. 'जागतीकरण' असं बरेचदा छापलेलं दिसतं, ते चूक.) या प्रत्ययाचा अर्थ 'अभूततद्भाव' असा सांगतात. जे आधी तसं नव्हतं, ते तसं होणं. तेरचा माल बाहेर जात होता, पण तेरचा बाजार जगाच्या बाजाराचा भाग झाला नव्हता.

आता पुढची गंमत बघा. याच 'ई'पुढे 'भवन' लागतं तेव्हा गोष्ट आपसूक होते. बाष्पीभवन. ऊन तापलं की पाण्याची वाफ होते, कुणाला ठराव करावा लागत नाही. 'करण' लागलं की करणारा आला. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण वटहुकूम काढून केलं गेलं. १९९१ सालीही तसंच. परकीय चलन जवळजवळ संपलं होतं. जुलैच्या पहिल्या ३ दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन केलं, सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं, २४ जुलैला नवं औद्योगिक धोरण आणि अर्थसंकल्प एकाच दिवशी मांडले. पुढे १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. यातलं प्रत्येक पाऊल कुणीतरी सही करून उचललेलं आहे. 'जागतिकीकरण झालं' हे वाक्य पाऊस झाला तसं वाचलं जातं, हे मला खटकतं. कुणी केलं, हे विचारण्याची सोय शब्दातच आहे. ती सोडू नये.

'वैश्वीकरण' हिंदीत रुळलाय. मराठीत 'वैश्विक' म्हटलं की अवकाशातले वैश्विक किरण नाहीतर परमार्थ आठवतो, बाजार आठवत नाही.

---

करण-भवन पटलं, पण पूर्ण नाही. १८६१ ते ६५ च्या अमेरिकी यादवी युद्धाचं काय? दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधल्या लँकेशरच्या कापड गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. त्या पैशावर मुंबईत बॅकबे भराव कंपनीच्या शेअरांचा सट्टा भडकला. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळला, कंपन्या आणि बँका बुडाल्या. वऱ्हाडातल्या कापूसवाल्याने कुठल्या करारावर सही केली होती? त्याच्या बाजूने ते भवनच होतं.

मी मुलांना असं सांगेन : माल दूर जातो तेव्हा व्यापार. दूरच्या घडामोडीने इथला भाव हलतो, अगदी माल बाहेर न पाठवणाऱ्याचासुद्धा, तेव्हा जागतिकीकरण.

---

वरचं शेवटचं वाक्य आमच्या घरात रोज जगतोय, म्हणून लिहितो. निफाड तालुका, द्राक्षबाग. आमच्याकडे हा शब्द कुणी उच्चारत नाही. आम्ही म्हणतो 'एक्स्पोर्टची बाग' आणि 'लोकलची बाग'. ऑक्टोबर छाटणी झाली की एक्स्पोर्टच्या बागेत फवारणीची नोंदवही सुरू. कुठलं औषध, किती, कोणत्या तारखेला. काढणीआधी रेसिड्यूचा, म्हणजे मण्यात औषधाचा अंश किती उरलाय ते बघायचा, नमुना लॅबला. मण्याचा आकार, साखर, सगळं तिकडचं माप.

२०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायन तेव्हा नव्हतं. नियमाने वागलेल्या माणसाचेही कंटेनर अडकले. माझ्या वडिलांनी त्या हंगामात शब्दही काढला नाही, नुसते बागेत फिरायचे.

आणि ज्याने कधी एक्स्पोर्ट केलंच नाही त्याचं? एक्स्पोर्टचा माल थांबला की तो लोकलला येतो आणि लोकलचा भाव पाडतो. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. भाडं वाढलं, प्रवास लांबला, आणि पिकलेलं द्राक्ष थांबत नाही. येमेनजवळ काय चाललंय हे आमच्या गावात पारावर बोललं जातं. तेरच्या व्यापाऱ्याला समुद्राची काळजी असेलच, पण शेजारच्या बांधावरच्या माणसाला नसावी.

---

'खाउजा' राहिलं की. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. तीन शब्दांची मोट बांधल्यामुळे तिन्हींचा अर्थ एकच असल्यासारखं वाटतं, म्हणून वर्गात जपून वापरा. शरद जोशींची शेतकरी संघटना डंकेल प्रस्तावाच्या (ज्यातून पुढे जागतिक व्यापार संघटना आली, त्या कराराच्या मसुद्याच्या) बाजूने उभी होती, कारण सरकारी बंधनांतून शेतमाल सुटावा ही तिची मागणीच होती. 'खाउजा' म्हणून एकगठ्ठा विरोध करणाऱ्यांच्या यादीत त्यांना बसवता येत नाही.

---

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या फळ्यावर 'बाष्पीभवन' आणि 'राष्ट्रीयीकरण' शेजारी शेजारी लिहिणार आहे. निफाडच्या दादांना एक विचारायचं होतं : ती फवारणीची नोंदवही, एखाद्या जुन्या हंगामाची, तिच्या एका पानाचा फोटो मिळेल का? नाव-गट नंबर झाकून चालेल. मुलांना ते पान दाखवायचंय.

---

देतो बाई. २०१० चीच आहे, वडिलांनी जपून ठेवलीय.