पगार २० टक्क्यांनी कमी घ्यायला हो म्हणू का?

प्रश्न :
मी एका लहान कंपनीत यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज करते. मोठं गिऱ्हाईक तुटलं. साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की सगळ्यांचे पगार २० टक्के कमी करू, नाहीतर काही जणांना काढावं लागेल. सोमवारपर्यंत पत्रावर सही हवीय. पत्रात ‘सुधारित वेतन’ एवढंच लिहिलंय, किती काळासाठी ते नाही. काम मला मनापासून आवडतं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा नुकताच लागलाय, काढायची वेळ आली तर पहिला तोच जाईल, हे सारखं डोक्यात येतं. पण घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो, आणि नवरा म्हणतो, एकदा खाली आलेला पगार कोणी आपणहून वर नेत नाही. काय करू?

उत्तर १ :
ताई, तुमच्या मिस्टरांचं म्हणणं आकड्यातही खरं आहे. १०० चे ८० झाले की पुन्हा १०० व्हायला २५ टक्के वाढ लागते, २० नव्हे. आणि पुढची प्रत्येक वाढ त्या ८० वर मोजली जाणार. कर्ज देणारे आणि नवी कंपनीही बहुधा अलीकडच्याच पगारपावत्या बघतात. म्हणून ‘सुधारित वेतन’ हे शब्द काढायला लावा. ‘मूळ वेतन कायम, अमुक तारखेपर्यंत तात्पुरती कपात’ असं लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर सही करू नका.

उत्तर २ :
पत्र कितीही चांगलं लिहून घेतलं, तरी कंपनीच बुडाली तर काय? आधी बघा : पगार वेळेवर होतात का, माल देणाऱ्यांची बिलं थकलीत का, साहेब स्वतःचा पगार कमी करतायत का. पैसे आधीपासूनच अडकत असतील तर कपातीने फक्त थोडे महिने मिळतील. ते नोकरी शोधण्यात घालवा, हातात नोकरी असताना बोलणी जास्त ठामपणे करता येतात. त्या मुलाची काळजी वाटते हे चांगलंच, पण त्याची नोकरी टिकवणं ही साहेबांची जबाबदारी आहे.

उत्तर ३ :
पाच दिवसांचा आठवडा असेल तर २० टक्के म्हणजे बरोबर एक दिवस. चार दिवसच येते म्हणा. तासाचा दर तोच राहील. पाचही दिवस काम करून ८० घेतलेत तर तुमचं कामच स्वस्त झालं.

प्रश्नकर्ती :
सगळ्यांचे आभार. आज साहेबांशी बोलले. पगार आजवर कधी उशिरा झालेला नाही, आणि त्यांनी स्वतःचा आमच्यापेक्षा जास्त कमी केलाय, हे हिशेब बघणाऱ्या बाईंनीही सांगितलं. शुक्रवारची सुट्टी लगेच मान्य झाली. मुदत सहा महिने, आणि मूळ वेतनाचा आकडा पत्रात येणार. एका गोष्टीवर अडलंय : या काळात मला काढलं, तर देणं जुन्या पगारावर धरावं, असं मी म्हटलं. ते म्हणाले, विचार करतो. ते वाक्य पत्रात आल्याशिवाय सही करायची नाही, असं ठरवलंय. हप्त्यासाठी बँकेत मुदत वाढवून मागायला उद्या जातेय.

उत्तर १ :
मुदत वाढवली की एकूण व्याज वाढतं, ते आधी विचारा. सहा महिने बचतीतून भागत असेल तर हप्त्याला हात लावू नका.