ओन्डिना वाल्लाचं 1936 चं गोल्ड कुणाचं? तिचं की मुसोलिनीच्या राजवटीचं?

रानवारा:
परवा दुसऱ्या एका चर्चेत एकाने लिहिलं होतं की बर्लिन ऑलिम्पिकमधली इटलीची पदकं म्हणजे निव्वळ फॅसिस्ट प्रचार, त्यांचं कौतुक कशाला करायचं. मला हे अजिबात पटलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओन्डिना वाल्ला इटलीतल्या बोलोन्याची, जन्म 1916. खरं नाव त्रेबिसोंदा, पण सगळे ओन्डिनाच म्हणायचे. 6 ऑगस्ट 1936 ला बायकांची 80 मीटर हर्डल्स जिंकली आणि ऑलिम्पिक गोल्ड मिळवणारी इटलीची पहिली बाई ठरली, वय वीस. आदल्या दिवशी सेमीफायनलला 11.6 सेकंद धावली होती. आणि फायनल म्हणजे काय सांगू, पहिल्या चौघींचा हाताने स्टॉपवॉचवर घेतलेला टाईम एकच, 11.7! नंतर फोटोवरून मोजलं तेव्हा वाल्ला 11.748, जर्मनीची आनी श्टॉयर 11.809, कॅनडाची एलिझाबेथ टेलर 11.811 आणि इटलीचीच क्लाउदिया तेस्तोनी 11.818. शेवटचा हर्डल ओलांडल्यावर फितीपर्यंत जेवढी पावलं उरतात तेवढ्यात हे सगळं ठरलं. त्या पावलांमध्ये कुठला हुकूमशहा धावत होता?

आता मुख्य मुद्दा. 1932 ला लॉस एंजेलिसला जायची वेळ आली तेव्हा ही सोळा वर्षांची होती आणि जाण्याच्या लायकीची होती. तिला घरी बसवलं. तिनेच नंतर सांगितलंय की बोटीवर सगळे पुरुष आणि मी एकटी मुलगी, म्हणून अडचण होईल असं कारण दिलं गेलं. पोप पायस अकरावे यांचाही बायकांनी असं मैदानात उतरण्याला विरोध होता. म्हणजे ज्या राजवटीने चार वर्षं आधी दार लावून घेतलं, तिलाच आता पदकाचं श्रेय द्यायचं? मला हा त्या मुलीवर अन्याय वाटतो.

घाटमाथा:
असहमत. भावना समजते पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगताय. 1928 ला अ‍ॅमस्टरडॅमला इटलीने पाविया शहरातल्या मुलींची जिम्नॅस्टिक्स टीम पाठवली होती, सिल्व्हर मिळालं, त्यातली लुइजिना जावोत्ती तर अकरा वर्षांची होती. तेव्हाही मुसोलिनीच सत्तेवर. त्यामुळे राजवट बायकांच्या खेळाच्या कायम विरोधात होती असं चित्र उभं करू नका. तिला फायदा दिसला की पाठवायची, चर्चची नाराजी नको असली की थांबवायची. 1936 ला फायदा दिसला. धडधाकट इटालियन तरुणी, हसरा चेहरा, पेपरवाल्यांना हवंच होतं ते, 'हसण्यातला सूर्य' असं टोपणनावच पडलं तिला. आणि एकीकडे हीच राजवट बायकांना सांगत होती की तुमचं काम जास्तीत जास्त मुलं जन्माला घालणं. हे सगळं बाजूला ठेवून नुसता स्टॉपवॉचचा आकडा बघायचा हे मला जमत नाही. पोडियमवर तिने हात उंचावून फॅसिस्ट सलामही केलाय, फोटो आहेत.

रानवारा:
@घाटमाथा, पावियाचा मुद्दा चांगला आहे, पण त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं ना? राजवटीला जेव्हा जसं सोयीचं तसं. मुलगी मात्र दोन्ही वेळेला तीच, तितकीच सराव करणारी. सलामाबद्दल म्हणाल तर त्या काळात इटलीच्या टीममधून जाऊन, पोडियमवर उभं राहून, वीस वर्षांच्या मुलीने हात खाली ठेवला असता तर पुढे काय झालं असतं याचाही विचार करा. तो सलाम मला आवडतो असं नाही, पण त्यावरून तिचं सगळं आयुष्य मोजायचं नाही.

आबोली:
तुम्ही दोघं वाल्लावरच अडकलात आणि तेस्तोनी एका ओळीत संपवली, याचंच मला वाईट वाटतं. दोघी बोलोन्याच्याच, वयात जेमतेम काही महिन्यांचं अंतर, शाळेच्या स्पर्धांपासून एकमेकींविरुद्ध धावत आलेल्या. बर्लिनला तेस्तोनीचा तिसरा नंबर 7 सहस्रांश सेकंदांनी हुकला. आपल्याकडे पी. टी. उषाचं 1984 चं 400 मीटर हर्डल्स (55.42 विरुद्ध 55.41) अजून लोकांच्या जिव्हारी लागलेलं आहे, मग ही तर त्याहून जवळची गोष्ट!

आणि ती तिथे थांबली नाही. 1938 ला व्हिएन्नाला युरोपियन चॅम्पियन, 1939 ला 11.3 चा वर्ल्ड रेकॉर्ड. बर्लिनच्या फायनलच्या टाईमपेक्षा हे किती पुढचं आहे बघा. मग युद्ध सुरू झालं, 1940 चं ऑलिम्पिक रद्द, 1944 चंही रद्द. निव्वळ हर्डलर म्हणून विचाराल तर माझ्या मते तेस्तोनी वरचढ. पण गोल्ड नाही म्हणून धागा तिच्या नावाने निघत नाही.

नाशिकरोडकर:
आबोलीताई, तेस्तोनीबद्दल पूर्ण सहमत, पण वरचढ म्हणण्याआधी एक गोष्ट. वाल्लाला पाठीच्या मणक्याचा त्रास होता, बर्लिननंतर ती पूर्वीसारखी राहिली नाही. तरीही 1937 ला तिने उंच उडीत 1.56 मीटरचा इटालियन रेकॉर्ड केला आणि तो 1955 पर्यंत टिकला. हर्डल्स, स्प्रिंट, उंच उडी, सगळं करणारी बाई होती ती. एका इव्हेंटच्या टाईमवर तुलना नको.

रानवारांना एक विचारायचंय. पदक तिचं एकटीचं म्हणताय, मग ट्रॅक, कोच, प्रवासखर्च हे कुणी दिलं? 1952 ला हेलसिंकीला आपल्या वांद्र्याच्या धावपटू मेरी डिसोझाला जायचं होतं तर पैसे तिच्या ओळखीच्या लोकांनी उभे केले. त्याच ऑलिम्पिकमध्ये भारताची नीलिमा घोष वाल्लाच्याच 80 मीटर हर्डल्समध्ये धावली. पाठीशी व्यवस्था नसली की काय होतं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. व्यवस्था वाईट माणसांची असली तरी ती होती हे नाकारू नका.

रानवारा:
व्यवस्था होती, नाकारत नाही. पण पैसे दिले म्हणून पदकाची मालकी मिळते का? राजवट 1945 पर्यंत धुळीला मिळाली. वाल्ला त्यानंतर साठेक वर्षं जगली, एका डॉक्टरशी लग्न करून लाक्विलाला राहिली, 2006 ला गेली. 1978 ला तिचं मूळ पदक चोरीला गेलं. 1984 ला इटलीच्या अ‍ॅथलेटिक्स फेडरेशनचे अध्यक्ष प्रिमो नेबिओलो यांनी तिला त्याची प्रतिकृती दिली. तेव्हा कुठे मुसोलिनी होता? पदक तेव्हाही तिचंच मानलं गेलं ना.

घाटमाथा:
तिचंच, त्यावर माझा वाद नाही. माझा वाद गोष्ट सांगण्याच्या पद्धतीवर आहे. शाळेतल्या मुलांना वाल्ला सांगायची तर 1932 ला घरी बसवलेली मुलगीही सांगा आणि 1936 ला प्रचारासाठी वापरलेली मुलगीही सांगा. तुम्ही पहिली ठळक करता, दुसरी पुसट.

आबोली:
आणि चौथ्या नंबरवाली पण सांगा. तिच्यावर मी वेगळा धागा काढतेय, 1938-39 चे सगळे टाईम घेऊन, तिथे या सगळे.